काच तडकली, फुगली, धुरकटली: भट्टी उघडल्यावर आधी काय बघायचं

पहिली ताटली भट्टीतून दोन तुकडे होऊन निघाली की नवशिका माणूस थेट कंट्रोलरकडे वळतो. पुढच्या खेपेला वीस अंश कमी, त्याच्या पुढच्या खेपेला तीस अंश जास्त. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. पण काच आपली प्रत्येक चूक अंगावर घेऊनच बाहेर येते. तड्याची कड गोल आहे की धारदार, फुगा दोन थरांमध्ये आहे की तळाशी, धुरकटपणा मधोमध आहे की बोटांच्या ठशांसारखा, एवढं शांतपणे बघितलं तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आकडे बदलायचे ते त्यानंतर.

सांगली-साताऱ्याकडे घराच्या मागच्या खोलीत किंवा छोट्या शेडमध्ये भट्टी लावून नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. सिंगल फेजवर चालणारी कॉइलची छोटी भट्टी, के-टाइप थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि प्रोग्रॅम लावता येणारा कंट्रोलर तुमच्याकडे आहे असं धरते. काच म्हणजे खिडकीला बसवतात ती ४ एमएमची साधी फ्लोट. फ्युजिंगसाठी, म्हणजे काचा भट्टीत तापवून एकजीव करण्यासाठी, खास बनवलेली रंगीत काच बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते, म्हणून शिकताना फ्लोटच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती जरा हट्टी आहे, लवकर धुरकटते. पण गल्लीतल्या काचवाल्याकडे तिचे उरलेले तुकडे मिळतात, आणि चार वेळा वाया गेली तरी जीव हळहळत नाही.

आधी एक प्रोग्रॅम पक्का करा

दोष शोधायचा तर मोजायला एक ठरलेली पट्टी लागते. वीसेक सेंटिमीटरची, ४ एमएमचे दोन थर एकावर एक ठेवलेली ताटली असेल तर मी असा प्रोग्रॅम लावते:

१. ताशी १५० अंशांनी ६५० अंश सेल्सिअसपर्यंत, तिथे ४५ मिनिटं थांबा.
२. ताशी २५० ते ३०० अंशांनी ८२५ पर्यंत, तिथे १० मिनिटं.
३. झाकण न उघडता भट्टी आपल्या गतीने ५५० पर्यंत उतरू द्या, तिथे ९० मिनिटं.
४. ताशी ६० अंशांनी ४५० पर्यंत.
५. ताशी ११० अंशांनी ३७० पर्यंत. मग वीज बंद, झाकण मात्र बंदच.

हे आकडे फ्लोट काचेचे आहेत. ९० किंवा ९६ प्रसरणांकाची फ्युजिंग काच साधारण ७९० ते ८१५ अंशांतच पूर्ण एकजीव होते आणि तिचं ॲनीलिंगही (आतला ताण जावा म्हणून एका तापमानाला थांबवून मग सावकाश निववणं; वरच्या प्रोग्रॅममध्ये ते ५५० ला आहे) खालच्या तापमानाला होतं. तिथे काच बनवणाऱ्याचा तक्ता पाळा.

मी पहाटे पाचला भट्टी लावते. त्या वेळी व्होल्टेज चांगलं असतं, आणि सर्वांत जास्त तापमान सकाळी अकराच्या आसपास येतं तेव्हा मी समोर असते. रात्री लावून झोपी जाणं मला मुळीच पटत नाही. रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच) अडकून बसला तर भट्टी तापतच जाते, आणि ते थांबवायला जागं माणूस लागतं.

एक वही ठेवा. काच कुठून आणली, थर किती, प्रोग्रॅम, भिंतीवरच्या प्लगचं व्होल्टेज, पाऊस होता का, आणि काय निघालं. एका खेपेला एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

पायरी १: उघडण्याची घाई नको, आणि हात लावण्याआधी फोटो

आतलं तापमान ५०-६० च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका. कंट्रोलर १२० दाखवतो तेव्हा "जरा फट करून बघू" असं वाटतंच. त्या फटीतून शिरलेली हवा काचेच्या एका कडेला लागते, आणि दिवसभर नीट निवत आलेला तुकडा शेवटच्या तासाला तडकतो.

उघडल्यावर काच जागेवर असतानाच वरून एक फोटो घ्या, एक तिरका. तुकडे एकमेकांपासून किती सरकले आहेत, कुठल्या भिंतीच्या बाजूने तडा सुरू झाला, हे उचलल्यावर कळत नाही. मग काच उलटी करून खालची बाजू बघा. नवे लोक हे विसरतात, आणि निम्मी गोष्ट खालच्याच बाजूला असते.

पायरी २: तडा गेला असेल तर कडेवरून बोट नको, नजर फिरवा

पहिला प्रश्न एकच: तुटलेली कड गोल आहे की धारदार?

कड वितळून गोल झाली असेल तर काच तापताना तुटली. तुटल्यावर ती पुढे ८२५ पर्यंत गेली, म्हणून कड मऊ झाली. कधी कधी दोन तुकडे परत चिकटतातही आणि मध्ये फक्त एक शिवणीसारखी रेघ राहते. कड सुरीसारखी धारदार असेल, तुकडे एकमेकांत तंतोतंत बसत असतील, तर काच निवताना तुटली. हा एक फरक कळला की निम्मा प्रोग्रॅम संशयातून सुटतो.

तापताना काच का तुटते हे आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यांना माहीत होतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काच कारखान्याचे प्रभाकर कंदील बनत. आमच्याही माजघरात तो होता. पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की टिक् असा आवाज होऊन काच गेलीच म्हणून समजा. एक जागा आक्रसते, शेजारची प्रसरण पावलेलीच राहते, आणि काच दोघींमधली ओढाताण सोसत नाही. भट्टीत हेच उलट घडतं. कडा कॉइलजवळ असतात म्हणून लवकर तापतात, मधला भाग मागे राहतो. म्हणून तापताना तुटलेल्या तुकड्यासाठी पहिल्या टप्प्याचा वेग कमी करा: १५० ऐवजी १००. काच कॉइलपासून किमान चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवा. साच्यावर वाकवायला दुसऱ्यांदा भट्टीत जाणारा तुकडा आता ८ एमएमचा एकसंध ठोकळा झालेला असतो, सुटे दोन थर नसतात. त्याला ताशी ८० ते १०० पेक्षा जास्त वेग नको. घरी वाकवताना फुटणाऱ्या बहुतेक ताटल्या याच कारणाने जातात, असा माझा अनुभव आहे.

निवताना तुटली असेल तर तड्याचा आकार बघा.

तडा ताटलीच्या आरपार गेला आहे आणि टोकाशी हुकासारखा वळला आहे? ॲनीलिंग कमी पडलं. ५५० वरची वेळ दीडपट करा आणि पुढचा वेग निम्मा. काचेची जाडी सगळीकडे सारखी आहे का तेही बघा. एका बाजूला तीन थर आणि दुसऱ्या बाजूला एकच असेल तर निवायचा वेळ सर्वांत जाड भागावरून धरायचा, आणि तोही सढळ हाताने.

तडा एखाद्या रंगीत तुकड्याच्या कडेकडेने, त्याला वळसा घालून गेला आहे? मग ॲनीलिंगला दोष देऊ नका. त्या दोन काचा एकमेकींच्या नाहीत. हा दोष कितीही सावकाश निववून जात नाही.

आणि ताटली आठवड्याभराने, कपाटात ठेवलेली असताना, आपोआप तडकली? या दोनपैकीच काहीतरी आहे. ताण आत दबून होता.

पायरी ३: काचा जुळतात का, हे डोळ्यांनी बघता येतं

तापल्यावर प्रत्येक काच थोडी वाढते, निवताना आक्रसते. दोन काचा एकजीव झाल्या आणि एक जास्त आक्रसू लागली, तर सांध्यावर कायमचा ताण राहतो. फ्युजिंग काचेवर ९० किंवा ९६ असे आकडे असतात ते या प्रसरणाचे. फ्लोटचा आकडा ८०-९० च्या दरम्यान येतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच तर ३३ च्या आसपास, म्हणजे ती कशाशीच जमत नाही. आकडा सारखा असला म्हणजे काचा जुळल्याच असंही नाही; तो फक्त अंदाज आहे.

मी एकदा एकाच दुकानातून, एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या दिवशी दोन काचा आणल्या. दिसायला सारख्या, दोन्ही फ्लोट. ताटली चौथ्या दिवशी तडकली. तेव्हापासून एका ताटलीच्या सगळ्या काचा मी एकाच पत्र्यातून, म्हणजे काचेच्या एकाच मोठ्या तावातून, कापते आणि उरलेल्या तुकड्यांवर मार्करने तारीख घालते.

बांगड्यांबद्दल मला सारखं विचारलं जातं. आजीच्या हिरव्या चुड्याच्या फुटक्या बांगड्या ताटलीत बसवायच्या असतात, आणि त्या इच्छेची मला मनापासून कदर आहे. पण बांगडीची काच वेगळ्या मिश्रणाची असते. फ्लोटवर ती बसवून ताटली टिकेल असं धरून चालू नका. आधी चाचणी करा, आणि आठवणीच्या बांगड्या चाचणीत घालवू नका. बाजारातून तशाच दुसऱ्या आणा.

चाचणी अशी. फ्लोटची एक पट्टी घ्या. तिच्यावर सेंटिमीटरभर अंतराने बांगडीचे दोन तुकडे आणि त्याच फ्लोटचा एक चौकोनी तुकडा ठेवा. नेहमीचा पूर्ण प्रोग्रॅम चालवा. आता लॅपटॉपवर पांढरी रिकामी स्क्रीन उघडा, पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरा आणि स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा. मध्ये ती पट्टी धरा. तुकड्यांच्या कोपऱ्यांभोवती उजेडाचं वलय दिसलं तर तिथे ताण आहे. फ्लोटच्या स्वतःच्या तुकड्याभोवती वलय नाही आणि बांगडीभोवती आहे, तर काचा जुळत नाहीत. दोन्हींभोवती आहे, तर आधी ॲनीलिंग सुधारा आणि चाचणी पुन्हा करा. हा फ्लोटचा साक्षीदार तुकडा कधीही वगळू नका, त्याच्यावाचून चाचणीला अर्थ नाही. काच अपारदर्शक असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

पायरी ४: चमक जाऊन धुरकट, खरखरीत थर आला

गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीच्या तळाशी साखर बसते, मध साखरतो, तसंच काचेचं होतं. काचेत अणूंची नीट रांग नसते. ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात ती फार वेळ रेंगाळली की पृष्ठभागावर स्फटिक बसायला लागतात. वरची चमक जाते, हाताला बारीक खरखर लागते. याला डेव्हिट्रिफिकेशन म्हणतात, कामात आम्ही नुसतं डेव्हिट म्हणतो.

स्फटिक बसायला आधार लागतो. बोटाचा ठसा, कापताना लावलेलं रॉकेल, धूळ, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त म्हणजे पाण्यातला क्षार. बोअरच्या पाण्याने काच धुऊन तशीच वाळवली तर प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडा राहते, आणि भट्टीतून निघाल्यावर नेमक्या तिथेच डेव्हिट दिसतो. माझ्या वहीत हा दोष उन्हाळ्यात जास्त नोंदलेला आहे, आणि तेव्हा आम्ही बोअरवरच असतो. म्हणून शेवटचा हात बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याचा द्या, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि धुतलेल्या जुन्या सुती कापडाने कोरडी करा. त्यानंतर काच फक्त कडेने धरायची.

आता प्रोग्रॅम. ६५० वरून ८२५ ला जाताना वेग ठेवा, वर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका आणि उतरताना हा पट्टा लवकर ओलांडू द्या. काच पुरती सपाट झाली नाही म्हणून ७८० वर तासभर ताटकळत ठेवणं ही मला दिसणारी नेहमीची चूक आहे. त्यापेक्षा पाच-दहा अंश वर जा आणि लवकर परत या.

झालेला डेव्हिट घालवता येतो. विटा-खानापूरकडच्या गलाई करणाऱ्या घरांत टाकणखार (बोरॅक्स) असतोच. सोनं गाळताना तो मळ ओढून घेतो. तोच टाकणखार इथे कामाला येतो. कपभर डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर टाकणखार उकळा, निवल्यावर कापडातून गाळा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे तो काचेवर सारखा पसरेल. तोंडाला मास्क लावून बारीक फवारा मारा, पूर्ण वाळू द्या, आणि पुन्हा पूर्ण फ्यूज करा, पहिला टप्पा ताशी १०० ने. थर जाड असेल तर आधी ओल्या कार्बाइड पॉलिश पेपरने खरखर उतरवा, किंवा खिडक्यांवर नक्षी काढणाऱ्या काचवाल्याकडून सँडब्लास्ट करून घ्या. कोरडं घासू नका, काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते.

एक वेगळा धुरकटपणाही असतो, आणि त्याला टाकणखार लागू पडत नाही. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. पिल्किंग्टन या इंग्लिश कंपनीने १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्यामुळे काचेच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. वाकवताना ती बाजू दाबली गेली की तिच्यावर बारीक सुरकुत्यांची दुधाळ साय येते. कथिलाची बाजू ओळखायला शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायोलेट दिवा लागतो, ती बाजू अंधारात दुधासारखी उजळते. नोटा तपासायचा साधा दिवा या कामाला येत नाही. दिवा नसेल तर किमान एकाच पत्र्यातून कापलेल्या सगळ्या तुकड्यांची एकच बाजू वर राहील अशी खूण करा. साय आली तर पुढच्या खेपेला सगळे तुकडे उलटे.

पायरी ५: फुगे

दोन थरांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे फुगे राहतातच. ते दोष मानू नका. रुपयाएवढा फुगा मधोमध आला तर हवा अडकली. वरची काच कडेने आधी मऊ होऊन चिकटली आणि आतल्या हवेची वाट बंद झाली. ६५० वरची ४५ मिनिटं याचसाठी आहेत: काच किंचित मऊ होऊन बसते, पण अजून चिकटत नाही, आणि हवा हळूहळू बाहेर निघते. फुगा आला तर ही वेळ तासावर न्या. थरांच्या चारही कोपऱ्यांत त्याच काचेचा चिमूटभर चुरा ठेवला तर वरची काच किंचित उचललेली राहते आणि कडा शेवटी मिटतात. ही युक्ती मला वेळ वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. आत झाडाचं पान घातलं असेल तर ते जळून वायू होणार आणि फुगा येणारच.

अख्खी ताटलीच घुमटासारखी उचलली गेली, उलटी केल्यावर खाली पोकळी दिसली, तर हवा किंवा वाफ तळाकडून आली. पाटा, म्हणजे भट्टीत काचेखाली असलेली फरशी, ओला होता, किंवा पाट्याला खोलगट भाग आहे. पावसाळ्यात हे फार होतं. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला काम करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर पाटा दर वेळी वाळवूनच वापरावा: काच न ठेवता २५० अंशांवर अर्धा तास, झाकण बोटभर उघडं. मग पाट्यावर पोलादी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का बघा. दिसला तर त्या पाट्यावर मोठी ताटली करू नका. १ एमएमचा सिरॅमिक फायबर पेपर खाली अंथरला तर हवेला वाट मिळते. तो आमच्याकडे फाउंड्रीचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर मिळतो.

पायरी ६: कडांना काटे, बाजू आत ओढलेल्या

पूर्ण वितळलेल्या काचेला स्वतःची एक जाडी आवडते, साधारण ६ ते ७ एमएम. त्याहून पातळ असेल तर ती आक्रसून जाड व्हायला बघते, त्याहून जाड असेल तर पसरते. ४ एमएमचा एकच थर पूर्ण फ्यूज केला तर बाजू आत ओढल्या जातात आणि चौकोनाचा डमरू होतो. आक्रसताना कड पाट्याला कुठे कुठे अडकली की तिथे सुईसारखे काटे राहतात. उपाय साधा आहे: दोन थर वापरा, नाहीतर तापमान ७६०-७८० पर्यंतच ठेवून तुकडे नुसते चिकटवा. काटे हिऱ्याच्या पॅडने पाणी लावून घासा. भट्टीतून नुकत्या निघालेल्या ताटलीच्या कडेवरून बोट फिरवायचं नाही, हे लहान मुलं असलेल्या घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी ७: खालची बाजू पांढरी, पाट्याला चिकटलेली

किल्न वॉश म्हणजे काच पाट्याला चिकटू नये म्हणून त्यावर लावायचा लेप: ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले, मी दोन्ही निम्मे निम्मे घेते, पातळ ताकाएवढं पाण्यात कालवून. मऊ ब्रशने चार-पाच हात, प्रत्येक हात वेगळ्या दिशेने. मधली रेषा राहिली तर ती काचेच्या पाठीवर उमटते. पूर्ण फ्यूजला एकदा तापलेला वॉश दुसऱ्या पूर्ण फ्यूजला वापरू नका. तो दिसायला चांगला दिसतो, पण त्याची रचना बदललेली असते आणि तो काचेला धरतो. खरवडून नवा लावा, खरवडताना मास्क हवाच. काचेला चिकटलेला वॉश रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवला तर बराचसा सुटतो.

पायरी ८: काच निर्दोष, भट्टीच खोटं बोलते

सगळं बरोबर करूनही ताटली अर्धवटच वितळत असेल तर भट्टी तपासायची वेळ आली. त्याच फ्लोटचे दोन सेंटिमीटरचे चौकोन कापा, दोन दोन एकावर एक ठेवून पाच जोड्या करा. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. नेहमीचा प्रोग्रॅम चालवा. कुठल्या जोडीचे कोपरे पूर्ण गोल झाले आणि कुठल्या जोडीच्या कडा अजून ताठ आहेत, हा तुमच्या भट्टीचा नकाशा. माझ्या भट्टीत दरवाज्याकडची जोडी नेहमी मागे राहते, म्हणून ताटली मी दोन बोटं आत सरकवून ठेवते.

थर्मोकपलचं टोक भट्टीच्या भिंतीतून दोन-तीन सेंटिमीटर आत आलेलं हवं आणि पाट्याला टेकलेलं नको. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर भट्टी तापताना आकडा खाली जातो. दुरुस्तीनंतर हे होऊ शकतं, म्हणून पहिली दहा मिनिटं आकड्यावर नजर ठेवा. ठरवलेल्या तापमानाच्या पुढे आकडा चढतच राहिला तर रिले अडकला आहे. कंट्रोलरशी झटापट न करता सरळ एमसीबी पाडा. भट्टीला स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग असलंच पाहिजे, आणि आत हात घालताना वीज पूर्ण बंद.

मग व्होल्टेज. आमच्या भागात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की २३० चे २०० होतात. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे २०० वर ती तीन-चतुर्थांशच उरते. मग भट्टीला ताशी २५० चा वेग गाठता येत नाही, काच ७०० ते ८०० मध्ये रेंगाळते, आणि तुम्ही डेव्हिटसाठी साफसफाईला दोष देत बसता. वहीत व्होल्टेज लिहायला सांगितलं ते याचसाठी.

पायरी ९: वीज गेली तर

झाकण उघडू नका. विटांनी धरलेली उष्णता हाच तुमचा आधार. वीज आल्यावर आकडा बघा.

चढताना गेली आणि आकडा अजून ५०० च्या खाली असेल, तर तिथूनच ताशी १०० ने पुन्हा सुरू करा. ७०० च्या वर असताना थोड्या वेळासाठी गेली असेल, तर वेगाने वर नेऊन काम पूर्ण करा, फक्त वर थांबायचा वेळ पाच मिनिटांनी कमी करा. ॲनीलिंगच्या वेळी गेली आणि आकडा ५५० च्या खाली आला, तर ताशी १०० ने परत ५५० ला न्या आणि ९० मिनिटं पहिल्यापासून मोजा. उरलेला वेळच मोजू नका. ३७० च्या खाली गेली तर काहीच करायचं नाही. कंट्रोलर वीज आल्यावर प्रोग्रॅम स्वतः पहिल्या टप्प्यापासून सुरू करतो, थांबून राहतो की जिथे होता तिथून पुढे जातो, हे रिकाम्या भट्टीत एकदा मुद्दाम स्विच बंद करून बघून ठेवा.

पुराचंही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा भट्टी पाण्यात होती. भिजलेल्या विटा बाहेरून आठ दिवसांत कोरड्या दिसतात, आतून नसतात. एकदम तापवल्या तर आतली वाफ त्यांचे पापुद्रे काढते. दीड महिना उघडी ठेवून, मग नवीन कंट्रोलर आणि वायर घालून, इन्सुलेशन तपासून घेऊन, ९० अंशांवर झाकण अर्धं उघडं ठेवून पूर्ण दिवस, दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी ३००, अशी ती परत आणली. आता ती वरच्या मजल्यावर आहे.

वाकवताना येणाऱ्या अडचणी

यात फार गुंता नाही. ताटली एका बाजूला घसरली तर साचा समतल नव्हता. पाणसळ पाट्यावर न ठेवता साच्याच्या काठावर ठेवून बघा. तळाशी फुगा आला तर साच्याचं भोक वॉशने बुजलं आहे. कडा आत ओढल्या गेल्या तर तापमान जास्त. फ्लोट ६८० ते ७२० मध्ये वाकते, लांबून बघत थांबा आणि बसली की पुढच्या टप्प्याला टाका. बघताना भट्टीचा खास चष्मा लावा.

साचा निवडताना एक नियम पाळा. काच साच्याच्या आत बसणार असेल तर मातीचा साचा, कुंभाराकडून एकदा भाजलेला, झिलई नसलेला, तळाला दोन एमएमचं भोक ठेवलेला. काच साच्यावरून खाली झुकणार असेल तर स्टीलची वाटी किंवा पेला. निवताना स्टील काचेपेक्षा जास्त आक्रसतं आणि आतून सुटतं. माती कमी आक्रसते, वरची काच तिला आवळते आणि फुटते.

फुटलेल्या तुकड्यांचं

धारदार कडेचे, एकाच पत्र्यातले तुकडे धुऊन, जुळवून, तिसरा थर देऊन परत फ्यूज करता येतात, ॲनीलिंग वाढवून. काचा जुळत नव्हत्या म्हणून फुटलेली ताटली मात्र कितीही वेळा तापवली तरी परत फुटेल. ती चुऱ्याच्या बरणीत टाकू नका. माझ्या चुऱ्याच्या बरण्यांवर पत्र्याची तारीख असते, आणि ओळख नसलेल्या काचेसाठी दाराबाहेर एक वेगळा पत्र्याचा डबा आहे. तो भरला की भंगारवाल्याला जातो.